चौथ्या मजल्यावरची शेगडी

शहरातल्या मोठ्या बागेत तिला शिट्टीबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण पाठ वळली की "आली बघ शिट्टीबाई" हे तिच्या कानावर पडायचंच. खरं सांगायचं तर तिला त्याचं वाईट वाटत नसे. गळ्यात शिट्टी, अंगात हिरवं जाकीट, हातात नियमांचा छापील कागद. बागेत बार्बेक्यू करायला येणाऱ्या माणसांवर नजर ठेवणं हे तिचं काम, आणि ते ती नऊ वर्षं इमानेइतबारे करत होती.

नियम तसे फार नव्हते हो. तळ्याकाठच्या सात सिमेंटच्या ओट्यांवरच पेटवायचं. स्वतःची शेगडी आणली तर ती पायांची हवी, गवतावर टेकवायची नाही. झाडाखाली नाही. पेट्रोल ओतून भडका करायचा नाही. सातच्या आत सगळं आवरायचं आणि उरलेले निखारे कचऱ्याच्या डब्यात न टाकता कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीत टाकायचे. संपलं. एवढं पाळायला काय जातं माणसाचं? पण नाही. नियमांच्या फलकाला पाठ टेकून, त्याच फलकाला पिशव्या अडकवून लोक म्हणणार, "अहो बाई, आम्हाला काही माहीतच नव्हतं." मग शिट्टीबाई त्यांना बाजूला करायची आणि फलकावरचं एकेक वाक्य मोठ्यानं वाचून दाखवायची. सुटाबुटातला साहेब असो नाहीतर दहा जणांचं कुटुंब, तिला फरक पडायचा नाही. एकदा तर एका न्यायाधीशाला तिनं झाडाखालून उठवलं होतं. तो बिचारा ताट घेऊन निमूट उठला.

आणि आता ऐका गंमत. या बाईच्या स्वतःच्या घरी, चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, दर रविवारी संध्याकाळी पाचला कोळशाची शेगडी पेटायची.

हसू नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती स्वतःच स्वतःला रोज सांगत होती. पण शेगडी तिची नव्हती. शेगडी सासऱ्यांची होती.

सासरे म्हणजे बेकरीतले भट्टीवाले. अडतीस वर्षं एकाच भट्टीपुढे उभं राहिलेला माणूस. भुवया कधीच्या जळून गेलेल्या, हातांवरचे केस गेलेले, आणि आगीची समज अशी की लांबून नुसता रंग बघून सांगायचे, अजून चार मिनिटं थांबा. त्यांच्या हाताखाली ती भट्टी एकदाही विझली नव्हती. काम संपलं की निखारे राखेत पुरून ठेवायचे, पहाटे राख बाजूला करून फुंकर घातली की ते जागे. मग एक दिवस मालकानं बटणावर पेटणारी गॅसची भट्टी आणली आणि यांना म्हणाला, आता तुम्ही आराम करा. त्याच वर्षी सासूबाई गेल्या. मुलानं बापाला आपल्याकडे आणलं, त्याला आता दोन वर्षं झाली होती. येताना म्हातारबाबांनी एक ट्रंक आणली, एक पिशवी आणली आणि ही शेगडी.

पहिल्याच रविवारी त्यांनी बाल्कनीत शेगडी पेटवून कांदे, बटाटे, कणसं, कोंबडीच्या तंगड्या असं काय काय भाजलं. सून एक घास खाऊन सहज म्हणाली, "वा बाबा, काय चव आहे तुमच्या हाताला!" झालं. सूनबाईला आवडतं म्हणजे आवडतं. त्यानंतर ते घरात असताना एक रविवार चुकला नाही.

आता त्या सूनबाईची अवस्था काय? आठवडाभर बागेत सात ओट्यांचा धूर खाऊन तिच्या केसांना, जाकिटाला, उशीच्या अभ्र्याला तोच वास. रविवारी दोनला पाळी सुटली की तिला वाटायचं, आता आंघोळ करावी आणि गार दहीभात खावा. त्याऐवजी पाच वाजता पुन्हा तोच धूर, आणि वर हसून म्हणायचं, "अजून एक द्या बाबा." तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

पण तेवढ्यावर भागलं असतं तर तिनं आयुष्यभर तंगड्या खाल्ल्या असत्या. भागलं नाही. इमारतीच्या ऑफिसातून पत्र आलं. बाल्कनीत कोळसा, लाकूड वा कोणताही विस्तव पेटवण्यास सक्त मनाई आहे, वरच्या मजल्यावरून तक्रार आली आहे, कृपया दखल घ्यावी. महिन्याभरानं दुसरं आलं. त्यात 'कृपया' नव्हतं. त्यात लिहिलं होतं की यापुढे एक जरी तक्रार आली तरी भाडेकरार रद्द करून तीस दिवसांत घर रिकामं करून घेतलं जाईल. शिट्टीबाई स्वतः अशीच पत्रं लिहीत आलेली. ही भाषा नुसता धाक घालणारी नाही, ही खरं करून दाखवणारी भाषा आहे, हे तिला पहिल्या ओळीतच कळलं.

दोन्ही पत्रं नवऱ्यानं कपाटात मोज्यांच्या खणात कोंबली. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, माणूस गाईसारखा गरीब, आणि अवघड बोलायची वेळ आली की बरोबर दोन मजल्यांच्या मध्ये अडकायचा.

"अरे, बाबांना सांग ना," ती म्हणायची.

"तू सांग. तुझं कामच आहे ते. रोज चाळीस जणांना सांगतेस."

"ते चाळीस जण माझे सासरे नाहीत."

"माझे तर वडीलच आहेत!"

म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि यात नुसता भित्रेपणा नव्हता बरं का. मागच्या वर्षी एकदा न्हाणीघरातला नळ उघडा राहिला, तेव्हा मुलगा घाईघाईत म्हणून गेला, "बाबा, इथं पाण्याचं बिल येतं." एवढंच. म्हातारबाबांनी दुपारी सगळे कामावर गेल्यावर पिशवी उचलली आणि गेले निघून, बेकरीच्या माडीवरच्या आपल्या जुन्या खोलीत. तिथं ना धड चूल ना कुणी बघायला. तीन आठवड्यांनी शेजाऱ्याचा फोन आला तेव्हा अंगात ताप मुरलेला आणि छातीत कफ भरलेला. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर आणायची गरज उरली नसती. त्या दिवसापासून नवरा-बायकोनं कानाला खडा लावला. म्हाताऱ्याला लागेल असा शब्द काढायचा नाही. सुनेला तर एकच भीती. पुन्हा गेले आणि परत आलेच नाहीत तर?

मग काय, तोंडानं सांगायचं सोडून बाकी सगळे उपाय झाले. तिनं कोळशाचं पोतं माळ्यावर लपवलं, त्यांनी दुसरं आणलं. नवऱ्यानं विजेवरची भाजायची जाळी आणली, बाल्कनीत चालते ती. बाबांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ही इस्त्री कुणाची?" पंधरा वर्षांची नात फिस्सकन हसली, आणि इस्त्री मुकाट्यानं खोक्यात गेली.

शेवटी शिट्टीबाईला सुचलं. बाग! जिथं परवानगी आहे तिथंच न्यायचं. सुंठीवाचून खोकला जाईल. तिनं रविवारची रजा टाकली आणि चार नंबरचा ओटा रीतसर नोंदवला. मग जेवताना मोठ्या साळसूदपणे म्हणाली, "बाबा, या रविवारी आपण बागेत जाऊया का? मोकळी हवा, तळं. तुमची कला जरा चार लोकांना दिसू दे."

"माझी कसली कला," म्हातारबाबा म्हणाले, पण कान लाल झाले. शनिवारी त्यांनी शेगडीची जाळी दोनदा घासली.

रविवारी बागेत जे झालं ते बघण्यासारखं होतं. शेजारच्या ओट्यावर चार तरुण अर्धा तास पुठ्ठ्यानं वारा घालून नुसता धूर काढत होते. म्हातारबाबा गेले, त्यांचे कोळसे चिमट्यानं उभे रचले, खालून एक वाट ठेवली आणि म्हणाले, "आता हात लावू नका." पाच मिनिटांत लाल. तरुण त्यांच्या पायाच पडायचे बाकी राहिले. तीन नंबरवरची बाई विचारायला आली की आमचे बटाटे आत कच्चे का राहतात. फाटकावरचा रखवालदारही येऊन उभा राहिला आणि शिट्टीबाईकडे बघून म्हणाला, "मॅडम, यांना आपल्याकडेच ठेवून घ्या की." तिला इतकं बरं वाटलं! नवरा शर्टाच्या बाह्या दुमडून कांदे कापत होता, नात चक्क मोबाइल पिशवीत टाकून आजोबांना चिमटे देत होती. म्हातारबाबा स्वतः फारसं काही खात नव्हते, सगळ्यांच्या ताटांत वाढत होते आणि एक भाजलेला कांदा चघळत बसले होते. सगळ्या रविवारांचा प्रश्न मिटला, असं शिट्टीबाईनं मनात धरलं.

साडेपाचला आवराआवर सुरू झाली. म्हातारबाबांनी निखारे फावडीत घेतले आणि लोखंडी पेटीकडे निघाले. सून त्यांच्यामागं जाणारच होती, पण तेवढ्यात सहा नंबरच्या ओट्यावर एक माणूस पेट्रोलची बाटली उघडताना दिसला. रजेवर असली म्हणून काय झालं, नऊ वर्षांची सवय कुठं जाते! "अहो! ओ! बंद करा ती बाटली!" करत ती तिकडे धावली. त्याला फलकापाशी नेऊन पाचही वाक्यं ऐकवली तेव्हा कुठं तिचं समाधान झालं. परत आली तेव्हा ओटा झाडून लख्ख होता, शेगडी पिशवीत होती, बाबा तयार होते.

"निखारे टाकले ना बाबा?"

"व्यवस्थित केलं सगळं," ते म्हणाले.

आणि त्यांच्या मते ते व्यवस्थितच होतं. पेटीपाशी जाऊन त्या माणसानं आत डोकावून पाहिलं, तर लोकांनी चांगले जिवंत निखारे पाणी ओतून मारून टाकलेले.  भट्टीवाला विस्तवावर पाणी ओतत नाही. अडतीस वर्षांत ओतलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून झाकणाचा पत्र्याचा डबा काढला, तळाला राख पसरली, त्यावर आठ-दहा निखारे, वर पुन्हा बोटभर राख, आणि झाकण घट्ट. तो डबा बसमध्ये सुनेच्या पायाशी ठेवला. सगळ्या शहराला निखाऱ्यांचे नियम शिकवणारी बाई जिवंत विस्तवाला पाय टेकून घरी आली! वाटेत तिला पोटरीला ऊब लागली होती. तिला वाटलं, बसचं इंजिन तापलंय.

घरी आल्यावर ती आंघोळीला गेली. नवरा सोफ्यावर आडवा झाला आणि घोरायला लागला, नात आपल्या खोलीत शिरली. म्हातारबाबा बाल्कनीत गेले, डबा उघडला, राख सारली. निखारे जागे होते. रात्रभर टिकायचे तर थोडा खुराक हवा, म्हणून त्यांनी पोत्यातले चार कोळसे वर ठेवले. पोतं आदल्या दिवशी बाल्कनी धुताना भिजलेलं. ओल्या कोळशानं जो धूर धरला, तो सरळ वरच्या मजल्यावर. आगीतून निघालेलं कुटुंब असं फुफाट्यात पडलं.

शिट्टीबाई केस पुसत बाहेर येत होती तेव्हा दारावरची घंटा वाजली. दार बाबांनी उघडलं. ती बोळातच थांबली, अंगावर घरातला गाऊन होता म्हणून. मग तिनं आवाज ओळखला. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई होत्या.

"आजोबा, घरात दुसरं कोणी आहे का?"

"आहेत की. काय झालं?"

"पुन्हा धूर येतोय. माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिला दम्याचा त्रास आहे. खिडकी लावेपर्यंत ती निळी पडायला लागली. हा बघा, पंप हातातच घेऊन आलेय." नर्सबाई दमलेल्या आवाजात बोलत होत्या. रागावलेलं माणूस परवडतं, पण तो आवाज ऐकून शिट्टीबाईला स्वतःची लाज वाटली. "मी ऑफिसात दोनदा तक्रार दिली. तुम्हाला दोन पत्रं आली असतील."

"कसली पत्रं?" म्हातारबाबांनी विचारलं.

नर्सबाई मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

बोळात उभ्या असलेल्या बाईला त्या वेळी जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. पुढं व्हायला हवं होतं, पण नाही झाली.

म्हातारबाबा वळले. स्वयंपाकघरात गेले, पाण्याची कळशी उचलली आणि बाल्कनीत जाऊन सगळी डब्यात ओतली. चर्रर्र आवाज झाला, वाफेचा लोट उठला, राखेचं काळं पाणी फरशीवर पसरलं. त्यांनी आत हात घालून एकेक कोळसा दाबून पाहिला. मग तसेच काळे हात घेऊन दारात आले.

"विझलं. पोरगी आता कशी आहे?"

"बरी आहे. पंप दिला की दम उतरतो."

"मला माहीत नव्हतं हो," ते म्हणाले. "देवाशपथ माहीत नव्हतं. पुन्हा व्हायचं नाही."

नर्सबाईंच्या दुसऱ्या हातात एक कागद होता. तो त्यांनी घडी करून खिशात घातला. "ही तिसरी तक्रार लिहून आणली होती. आज देत नाही. पण आजोबा, पुन्हा वास आला तर थेट नेऊन देईन, आधीच सांगते. माझा इलाज नाही."

"द्यायलाच पाहिजे," म्हातारबाबा म्हणाले.

दार लागलं. तोवर नवरा उठून बसला होता आणि डोळे चोळत, "कोण आलं होतं?" विचारत होता.  म्हातारबाबा सुनेसमोर येऊन उभे राहिले.

"पत्रं आण."

तिनं मोज्यांच्या खणातून पत्रं आणली.

"वाच. मोठ्यानं वाच. बागेत वाचतेस तशी."

ती वाचायला लागली. बागेतला तो खणखणीत आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. 'सक्त मनाई' पर्यंत आली आणि तिनं कागद खाली घेतला. तरी म्हातारबाबांनी थांबू दिलं नाही. दोन्ही पत्रं शेवटच्या सहीपर्यंत वाचून घेतली.

"एवढंच?" ते म्हणाले. "हे सांगायला दोन महिने? सकाळी बोलली असतीस तर दुपारी शेगडी भंगारात दिली असती मी. वर एक लेकरू गुदमरत होतं आणि मी खाली फुंकर घालत होतो. दोन महिने!"

"बाबा, आम्हाला वाटलं, तुम्हाला लागेल," नवरा पुटपुटला.

म्हातारबाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. आपल्या खोलीत गेले आणि पलंगाखालची पिशवी ओढली. सून दारात पोचली तेव्हा ते सदऱ्यांच्या घड्या घालत होते.

"कुठं निघालात?"

"माझ्या खोलीवर. राग नाही हं तुमच्यावर. पण ज्या घरात माझ्याशी खरं बोलायची चोरी, तिथं मी पाहुणाच झालो की. पाहुण्यानं किती दिवस राहावं? दोन वर्षं खूप झाली."

आता बघा, इतके दिवस जी बाई जपून जपून बोलत होती तिचा बांध फुटला.

"जा!" ती ओरडली. "जा, पिशवी भरा आणि जा! म्हणूनच आम्ही बोलत नाही! एका नळावरून गेलात तुम्ही! तीन आठवडे तिकडे तापानं फणफणत पडलात, एक फोन केला नाहीत. दवाखान्यात तुमच्या उशाशी मी बसले होते चार दिवस. तुमचा श्वास मोजत बसले होते. त्यानंतर माझी काय बिशाद की तुम्हाला काही सांगेन? बोललं की तुम्ही जाता, नाही बोललं तरी जाता. मग सुनेनं करायचं काय? तुम्हीच सांगा!"

म्हातारबाबांच्या हातातला सदरा तसाच राहिला. त्यांना कुणी असं कधी बोललं नव्हतं.

"आणि आणखी एक ऐका," ती म्हणाली, आता थांबायची सोयच नव्हती. "मला नाही आवडत ते भाजलेलं. आठवडाभर धूर खाते मी. नको नको होतं मला ते. दोन वर्षं खातेय!"

"तुला आवडत नाही?"

"नाही!"

"मग खात कशाला होतीस?"

"तुम्ही इतक्या हौसेनं करता म्हणून!"

म्हातारबाबा पलंगावर टेकले.  मग म्हणाले, "मला तर चावतही नाही गं. दाढाच नाहीत वरच्या. कांदा तेवढा चघळतो. ती तंगडी मी दोन वर्षांत तोंडात घातली नाही."

ती चिडून, रडून, हसायच्याच बेतात आली. "मग पेटवत कशाला होतात दर रविवारी?"

त्यांनी सदऱ्याची घडी मोडली, पुन्हा घातली.

"पेटलं की तुम्ही बाहेर येता," ते म्हणाले. "तो येतो, पोरगी येते, तू येतेस. भाजेपर्यंत थांबावं लागतं ना, मग बसता. काहीबाही बोलता. एरवी तू दमून येतेस, तो दमून येतो, पोरगी दार लावून घेते. तुमची काही चूक नाही. पण नुसतं, या, माझ्याजवळ बसा, असं कसं म्हणायचं माणसानं? लाज वाटते गं. म्हणून आपलं पेटवायचं."

ती खाली फरशीवरच बसली आणि ओक्साबोक्शी रडली. बाहेर नवरा आणि नात दाराशी येऊन उभी होती, पण आत यायचं धाडस दोघांनाही झालं नाही. रडणं ओसरल्यावर तिनं पिशवीतले सदरे एकेक करून काढले आणि कपाटात परत लावले. म्हातारबाबांनी अडवलं नाही.

"उद्या सहाला मी घरी असते," ती नाक पुसत म्हणाली. "बाल्कनीत येऊन बसते. पेटवायचं काही नाही, भाजायचं काही नाही. नुसती बसते."

"दमलेली असशील."

"असेन. तरी बसते."

"बघ बाई. बळजबरी नाही," ते म्हणाले.

सोमवारी बागेत मोठी सहल आली होती. शिट्टीबाईच्या पायांचे तुकडे पडले, बस चुकली, घरी पोचायला सव्वासहा झाले. चप्पल काढताना तिच्या मनात आलं, पाच मिनिटं पाठ टेकावी आणि मग जावं. मग तिनं बाल्कनीच्या दारातून पाहिलं.

फरशी घासून स्वच्छ केलेली होती. घरातल्या चारही खुर्च्या बाहेर मांडलेल्या होत्या, मध्ये काहीच नव्हतं. एका खुर्चीत म्हातारबाबा धुतलेला सदरा घालून, हात मांडीवर ठेवून बसले होते.

"कधीपासून बसलात बाबा?"

"आत्ताच," ते म्हणाले.

"साडेचारपासून," खोलीतून नात ओरडली.

शिट्टीबाईनं पिशवी तिथंच खाली टाकली, आत जाऊन पोरीच्या हातातला मोबाइल काढून घेतला, सोफ्यावरच्या नवऱ्याला उठवलं आणि दोघांना बाहेर घेऊन आली.